रंगाऱ्याचं लाकूड

सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला लाकडाचा एक गर्व असतो. आमच्या वडिलांचा कारखाना पुण्यात. सागवानाची फळी आली की आधी ओल्या फडक्याने पुसायची, रेषा कशी उमटते ते बघायचं, मग तिचं काय करायचं ते ठरवायचं. रंग लावणं म्हणजे काहीतरी झाकणं. ऑइलपेंट मारलेलं कपाट दुरुस्तीला आलं की वडील हटकून म्हणायचे, "खरवडून बघ, आत आंबा निघणार." बहुतेक वेळा आंबाच निघायचा. मी पुढे जुन्या फर्निचरच्या जतनाचं रीतसर शिक्षण घेतलं, वाड्यांतल्या खुर्च्या, फडताळं, महिरपी दुरुस्त केल्या; पण रंगाबद्दलचं घरचं मत काही हललं नाही. ते हललं धरमशालेला.

तिथे जायचं कारण व्यावहारिक होतं. मुंबईच्या एका ग्राहकाकडे तिबेटी कपाट होतं आणि मुंबईच्या दमट हवेत त्याच्या दारावरचा रंग पोपडे धरून सुटत होता. असल्या रंगाखाली काय असतं हे कळल्याशिवाय त्याला हात लावणं बरं नव्हतं. धरमशालेजवळच्या सिद्धपूरची नोर्बुलिंका इन्स्टिट्यूट ऐकून माहीत होती. १९८८ साली सुरू झालेली ही संस्था थांका (कापडावरची धार्मिक चित्रं), कोरीव काम, लाकडावरची रंगाई, धातूच्या मूर्ती असल्या तिबेटी कला निर्वासित समाजात टिकवायचं काम करते. ल्हासात दलाई लामांचा जो उन्हाळी राजवाडा आहे, ज्याचं काम सातव्या दलाई लामांनी १७५५ मध्ये सुरू केलं, त्याचंच नाव या संस्थेला दिलेलं आहे. मी गेले ती मात्र त्याच भागातल्या एका लहानशा खासगी कार्यशाळेत. खाली सुतार, मधे कोरणारे, वर उजेडाच्या खोलीत रंगारी. रंगाऱ्यांच्या प्रमुखाला सगळे गेन-ला म्हणायचे, म्हणजे आपले गुरुजी. शिकाऊ मुलं मला आचा-ला म्हणू लागली, म्हणजे ताई. गेन-ला मात्र गमतीने 'पुणे-ला' म्हणायचे. 'ला' हा आदरार्थी प्रत्यय आहे, तो गावालाही लावता येतो असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले. पेटीच्या दर्शनी फळीला गाठी होत्या, एका गाठीतून राळ पाझरत होती, आणि फळी एकसंध नव्हती, तीन तुकडे जोडलेले होते.

"गेन-ला, ही फळी पुढे लावायची?"

"हो. का?"

"गाठी आहेत."

"गाठीवर कापड बसेल," ते म्हणाले. "पुणे-ला, लाकूड धरायला असतं. बघायला रंग."

मला ती सबब वाटली. पण तिबेटच्या नकाशाकडे नीट बघितलं की गेन-लांचं म्हणणं पटतं. पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या घरात. मधल्या आणि पश्चिमेच्या भागात झाड म्हणजे नदीकाठचं पॉप्लर नाहीतर विलो. खरं जंगल आग्नेयेला, कोंगपोकडे, किंवा मग हिमालयाच्या दक्षिण उतारावर. तिथून फळी ल्हासापर्यंत यायची ती माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून. त्यामुळे जुन्या पेट्यांत बहुतेक करून पाइन, क्वचित जुनिपर किंवा अक्रोड. आणि एखादी फळी पूर्वी कुठल्यातरी घराचा वासा होती हे तिच्या बुजवलेल्या भोकांवरून कळतं. रुंद फळी मिळणं ही श्रीमंती. जिथे लाकडाचा प्रत्येक तुकडा वापरायचाच आहे, तिथे रेषा बघून फळी निवडायची चैन कोण करणार? वडिलांच्या कारखान्यातला तो ओला फडका मलबार आणि चांद्याच्या जंगलांच्या भरवशावर फिरत होता, हे मला हिमाचलात बसून उमगलं.

त्यामुळे तिबेटी सुतारकाम साधं असतं, हे कबूल करायला हरकत नाही. फळीच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवायची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारायच्या, कधी सगळी पेटी ओल्या कातड्याने मढवायची. कातडं वाळताना आवळतं आणि सांधे घट्ट धरतं. कपाटांना चौकट आणि तिच्या खाचेत सैल बसणारी फळी, म्हणजे कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं तरी ती तडकत नाही. कोरीव काम उत्तम असतं, विशेषतः आरपार नक्षीचं, आणि त्यात काठमांडू खोऱ्यातल्या नेवार कारागिरांचा हात शतकानुशतके आहे. पण नुसत्या जोडकामाच्या सफाईत चिनी सुतारापुढे किंवा आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीपुढे तिबेटी सुतार उभा राहत नाही. त्याच्या वस्तूची किंमत रंगारी ठरवतो.

वस्तूही मोजक्याच. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पेटी, तिबेटीत गाम. धान्य, कपडे, पोथ्या, दागिने, सगळं पेटीत. दारांची कपाटं मागून रुळली. बसणं जमिनीलगत, गादीवर किंवा गालिच्यावर, त्यामुळे मेजही बुटकं. त्याला चोक्त्से म्हणतात. त्याच्या तीन बाजू नक्षीच्या आणि चौथी, माणसाच्या गुडघ्यांकडची, उघडी. काही चोक्त्से घडी होणारे. प्रवासाला निघालेला लामा किंवा सरदार ते घोड्यावर बांधून नेई. ज्याने भारतीय बैठक पाहिली आहे त्याला या घरात परकं वाटत नाही. खुर्ची नाही, जेवणाचं टेबल नाही, पलंगासारखं काही नाही. भिंतीला लागून पेट्यांची रांग, त्यांच्यावर आणखी पेट्या, आणि मधोमध देवघराचं कपाट.

पेट्या बहुधा जोडीने बनत. याकच्या दोन्ही बाजूंना भार सारखा हवा, हे एक कारण असावं. घरात रांगेत ठेवल्या की चित्र जुळतं, हेही. आज बाजारात बहुतेक पेट्या एकेकट्या दिसतात, कारण व्यापाऱ्याला दोन गिऱ्हाइकं जोडीपेक्षा परवडतात. चित्रातला सिंह डावीकडे बघत असेल तर उजवीकडे बघणारा दुसरा कुठेतरी असतो. कुठल्या शहरात, ते कोणालाच सांगता येत नाही.

आता रंगाईकडे येते. लाकडावर थेट रंग कधीच लागत नाही. आधी सांध्यांवर आणि गाठींवर सरसात बुडवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या. मग अस्तर: पांढरी माती किंवा खडूची पूड आणि कातड्याचा सरस. तिकडे याकच्या कातड्याचा, इथे बाजारात मिळतो तो म्हशीचा. सरस रात्रभर भिजवायचा आणि गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. थेट आचेवर उकळला की त्याची पकड जाते. प्रमाणाचं गणित नाही. सरस जास्त झाला तर अस्तर वाळल्यावर तडकतं, कमी झाला तर बोटाला पांढरं लागतं. गेन-ला वाळलेल्या अस्तरावर नखाने ओरखडा काढून बघायचे आणि फक्त मान हलवायचे. ती मान कुठल्या दिशेने हलली हे कळायला मला बराच काळ गेला. एकावर एक पातळ हात, मधे घासाई, असं करत शेवटी जो पृष्ठभाग मिळतो त्यावर ब्रश थबकत नाही.

मग खाका. कागदावर रेखाटन, रेषांवर सुईची भोकं, वर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. जुन्या पद्धतीतल्या रंगांची नावं ऐकली तेव्हा मला हसू आलं, कारण ती सगळी आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी: हिंगूळ, हरताळ, शेंदूर, नीळ, लाख. निळा आणि हिरवा मात्र दगडाचा, अझुराइट आणि मॅलाकाइट. दोन्ही तांब्याची खनिजं, मध्य तिबेटात न्येमोच्या बाजूला सापडणारी. अझुराइटची गंमत अशी की तो जितका जाड दळाल तितका गडद आणि जितका बारीक दळाल तितका फिका. दळलेली पूड पाण्यात ढवळून बसू द्यायची. जड, गडद निळी पूड तळाशी आणि आकाशी वर. म्हणजे एका दगडातून निळ्याच्या तीन-चार छटा, आणि नेमक्या त्याच पद्धतीने तिबेटी फर्निचरवरच्या पाकळ्या रंगवलेल्या असतात: एकाच रंगाच्या छटांचे पट्टे शेजारी शेजारी, फिक्यापासून गडदाकडे, शेवटी एक बारीक काळी किंवा सोनेरी कड. लांबून फूल गोलाई धरतं. जवळ गेलं की नुसते पट्टे दिसतात, आणि ते लपवायची कोणाला गरज वाटत नाही.

उठावाचं काम असतं त्याला क्युंगबुर म्हणतात. अस्तराचंच जरा दाट मिश्रण मेंदीच्या कोनातून काढतात तसं नळीतून काढत वेलबुट्टी करायची, ती वाळली की रंगवायची किंवा सोन्याने मढवायची. पेटीवर तिरपा उजेड पडला की ती वेल दिसते. सोनं म्हणजे सोन्याची भुकटी सरसात कालवलेली. ती आधी मातकट दिसते, मग अकीकाच्या टोकाने घोटली की चमकते. फक्त हवी तेवढीच घोटायची, म्हणजे एकाच सोन्यात चमकदार आणि मंद अशी दोन प्रकारची रेघ मिळते. सगळ्यावर शेवटी तेलाचं किंवा राळेचं रोगण. ते वर्षांनुवर्षे पिवळं पडत जातं, म्हणून जुन्या पेटीतला निळा आपल्याला हिरवट वाटतो.

आता कार्यशाळेत बहुतेक काम ॲक्रिलिकमध्ये होतं. मी यावर नाक मुरडलं नाही, कारण हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि हिंगूळ म्हणजे पारा. गेन-लांच्या पिढीतले रंगारी ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरत. हिरव्यासाठी नीळ आणि हरताळ मिसळत, आणि तोच ब्रश पुन्हा तोंडात. शिकाऊ मुलांना ती सवय लागू नये याबद्दल ते फार कडक होते. त्यांचा हिशेब सरळ होता: ज्या मेजावर चहा सांडणार त्याला ॲक्रिलिक, देवघराला दगडाचा रंग, आणि तोही परवडत असेल तरच.

चित्रांबद्दल पर्यटकांना एक गोष्ट आवडते, ती म्हणजे अर्थ. अष्टमंगलाच्या आठही चिन्हांचा अर्थ छापलेला कागद दुकानात मिळतो: छत्र, सोनेरी मासे, कलश, कमळ, शंख, अंतहीन गाठ, विजयध्वज, चक्र. तो कागद चूक नाही. पण त्याने पेटी वाचता येत नाही. पेटी वाचायची तर आधी तिचा कापडाशी संबंध लक्षात घ्यावा लागतो. जुन्या पेट्यांवर मध्यभागी एक गोल पदक, चार कोपऱ्यांत पाव-पाव पदकं, भोवती भौमितिक जाळी, असं जे दिसतं ते चिनी रेशमी किनखापाचं रंगात केलेलं रूप आहे. युआन, मिंग, चिंग राजवटींच्या काळात असलं रेशीम भेट म्हणून आणि व्यापारातून तिबेटात यायचं. मठांतल्या खांबांना, लामांच्या झग्यांना, पोथ्यांच्या वेष्टणांना लागायचं. उरलेल्यांनी ते लाकडावर रंगवून घेतलं. व्याघ्रचर्माचे पट्टेही तसेच पेटीभर रंगवलेले सापडतात. पाइनच्या गाठाळ फळीवर रेशीम आणि वाघ, दोन्ही.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते एक चित्र म्हणजे साखळीला वाघ बांधून चाललेला मंगोल. फेट्याखाली पसरट चेहरा, ढगळ बूट, आणि वाघ एखाद्या हट्टी मांजरासारखा मान फिरवून मागे बघणारा. घरावरचं अरिष्ट तो ओढून नेतो अशी समजूत, म्हणून तो दाराजवळ असतो. दुसरं चित्र चार मित्रांचं: हत्तीवर माकड, माकडावर ससा, सशावर पक्षी, मागे फळांनी लदलेलं झाड. या झाडाला आधी कोणी पाहिलं यावरून थोरला कोण ते ठरतं, आणि थोरला ठरतो तो पक्षी, कारण त्याच्याच विष्ठेतल्या बीने ते झाड उगवलेलं. ही कथा मूळची आपल्याकडची, पालीतल्या तित्तिर जातकातली. तिथे प्राणी तीनच आहेत, तिबेटी चित्रात ससा धरून चार. हिमसिंह मात्र कोणीच पाहिलेला नाही. पांढरं अंग, हिरवट-निळी आयाळ. आमच्यातल्या एका मुलाचा हिमसिंह दर वेळी त्याच्या गावच्या कुत्र्यासारखा व्हायचा. गेन-ला डोळे स्वतः काढायचे, आणि मग तो सिंह व्हायचा.

माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात अवघड काम स्पीतीतल्या एका मठाच्या कपाटाचं होतं. तोरगाम. सातूचं पीठ आणि लोणी यांच्या तोरमा, म्हणजे नैवेद्याच्या आकृत्या, ज्यात ठेवतात ते कपाट, आणि तेही गोनखांगमधलं. गोनखांग म्हणजे रक्षक देवतांची खोली. अनेक मठांत तिथे बायकांना प्रवेश नसतो, तिथेही नव्हता. म्हणून कपाटच कार्यशाळेत आलं. येण्याआधी मठात अर्गा झाला होता: दुरुस्तीच्या काळापुरतं त्या वस्तूतल्या देवत्वाने आरशात राहावं अशी प्रार्थना करणारा विधी. काम संपल्यावर पुन्हा प्रतिष्ठा, रबने. मूर्तीचा वज्रलेप करताना कलशात देवत्व हलवण्याचा विधी आपल्याकडे होतो, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. माझ्यासमोर लाकूडच आहे आणि त्याला चाकू लावायची परवानगी आहे, एवढं कळलं आणि हात मोकळा झाला.

दारं काळी दिसत होती. आधी वाटलं काजळी. नंतर समजलं की मुळातच काळ्या जमिनीवर लाल आणि सोन्याच्या रेघांत काम आहे, आणि त्यावर काजळी. लोण्याच्या दिव्यांची काजळी नुसती धूळ नसते. तिच्यात चरबी असते, ती रोगणात मुरते आणि दोन्ही मिळून एक चामड्यासारखा थर होतो. पाण्याने ती निघत नाही, आणि पाणी रोगणाच्या तड्यांतून खाली उतरलं तर सरसातला रंग विरघळतो. कापसाच्या बोळ्यावर थुंकी घेऊन एकेका टिकलीएवढ्या जागेवर काम करावं लागतं. थुंकीतली विकरं चरबी आणि पीठ सैल करतात, आणि जगभरच्या संग्रहालयांत आजही ही पद्धत वापरतात. गेन-लांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. एवढं शिकून ही मुलगी थुंकते, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

काळ्यातून हळूहळू जे वर आलं ते तोरणासारखं टांगलेलं होतं: सोललेली कातडी, माणसाची आणि हत्तीची, हातपाय लोंबणारी, आतड्यांच्या माळा, कवट्यांच्या वाट्यांत डोळे, जीभ, हृदय. रेघ इतकी नाजूक की आतड्याचा एकेक वळसा मोजता यावा. उग्र देवतांना पंचेंद्रियं अर्पण करायची, अहंकार सोलून टांगायचा, असा त्याचा अर्थ सांगतात. मला मात्र काम करताना अर्थ आठवत नव्हता. हे काढणाऱ्या माणसाचा हात किती स्थिर होता, एवढंच दिसत होतं. आणि हेही, की दार उघडून आतल्या फळ्या बघितल्या तर तिथे रंगाचा ठिपकाही नाही. बाजू कोऱ्या, पाठ कोरी, करवतीच्या खुणा जशाच्या तशा. बहुतेक तिबेटी कपाटांचं असंच असतं. रांगेत भिंतीला लावायच्या वस्तूचं जेवढं दिसणार तेवढंच रंगवायचं.

किती साफ करायचं यावर आमची चर्चा झाली. मी चित्र पूर्ण उजळायच्या मताची नव्हते. मठाकडून आलेल्या वृद्ध भिक्षूंचंही मत तेच पडलं, पण कारण वेगळं. कड्यांभोवती जिथे पिढ्यान्‌पिढ्यांची बोटं लागली आहेत तिथे हात लावू नका, एवढंच ते म्हणाले. आम्ही सुटणारा रंग माशाच्या पातळ सरसाने बसवला, चित्रावरची काजळी वाचता येईल इतपत उतरवली आणि कड्यांभोवतीची तशीच ठेवली. ते कपाट नवं दिसत नाही. ते परत वापरात गेलं.

याच्या अगदी उलट मागणी बाजारातून येते. १९५९ नंतर जे तिबेटी खिंडी ओलांडून भारतात आले त्यांनी थांका आणल्या, छोट्या मूर्ती आणल्या, पोवळी-पिरोजे आणले. पेटी कोणी पाठीवर घेऊन आलं नाही. त्यामुळे भारतातल्या तिबेटी घरांतलं फर्निचर हे बव्हंशी आठवणीवरून बनवलेलं आहे. तिकडे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ ते ७६ मध्ये, मठांबरोबर त्यांचं सामानही गेलं; जे उरलं त्यातलं बरंचसं पुढच्या दशकांत काठमांडू, हाँगकाँगमार्गे युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोचलं. तोवर तिबेटी कला म्हणजे कांस्यमूर्ती आणि थांका. फर्निचरकडे अभ्यासकांचं लक्षच नव्हतं. कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या पॅसिफिक एशिया म्युझियमचे डेव्हिड कमान्स्की यांनी संपादित केलेला या विषयावरचा मोठा ग्रंथ आला तो २००४ साली. ग्रंथ आला, भाव चढले, आणि भाव चढले तसे नकली जुने नग वाढले.

एका हॉटेलची सजावट करणारे गृहस्थ कार्यशाळेत आले होते. त्यांना कपाटं हवी होती, पण 'दोनशे वर्षांची'. साखळीने ठोकून, चहाचं पाणी मारून, कडा घासून द्या म्हणाले. दुसरीकडे करून देतात. पैसेही चांगले देत होते. गेन-लांनी चहा पाजला आणि म्हणाले, "नवीन आहे, नवीनच दिसणार. दोनशे वर्षं ठेवा, मग जुनं होईल." गृहस्थांना तो विनोद वाटला. ऑर्डर गेली.

अशी ठोकून जुनी केलेली कपाटं पुढे माझ्याकडे दुरुस्तीला येत राहिली आहेत. ती ओळखायला चित्राकडे बघायची गरज नसते, कारण नकली करणारा सगळं लक्ष चित्रावर देतो. कपाट भिंतीपासून ओढायचं. हाताच्या करवतीच्या खुणा सरळ आणि वेड्यावाकड्या अंतराच्या असतात. यंत्राच्या गोल पात्याच्या खुणा कमानीसारख्या आणि समान. रोगणावर अतिनील टॉर्च मारला की नंतरचे हात वेगळे उजळतात. निळा जर कृत्रिम अल्ट्रामरीन असेल तर रंग १८२८ नंतरचा, कारण त्याच्या सुमाराला तो युरोपात बनू लागला. आणि खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते, चारही कोपऱ्यांवर सारखी नसते.

महाराष्ट्रात तिबेटी वसाहत आहे हे धरमशालेला जाऊन मला कळलं, ही जरा लाजिरवाणी गोष्ट. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ, १९७२ पासून नोर्गेलिंग ही वसाहत आहे. तिथल्या एका अमा-लांच्या, म्हणजे आईंच्या, देवघराच्या कपाटाचा रंग सुटत होता आणि गेन-लांनी माझं नाव सुचवलं होतं. कपाट सागवानाचं होतं. चांगलं, जुन्या झाडाचं, गाभ्याचं सागवान, आणि पुढून पूर्ण रंगवलेलं: ड्रॅगन, रत्नं, कमळं.

"सागवानाला रंग कसा लावला, अमा-ला?" मी हिंदीत विचारलं.

"वाळवी लागत नाही म्हणून सागवान," त्या म्हणाल्या. "देवाचं आहे म्हणून रंग."

बिघाड लाकडातच होता. सागात तेल असतं, सरसाचं अस्तर त्याच्यावर धरत नाही. शिवाय विदर्भातला पावसाळा म्हणजे कातड्याचा सरस फुगणार आणि त्याला बुरशी येणार. कोरड्या पठारासाठी घडलेली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. गेन-लांना फोन लावला. ते म्हणाले, तिथे फेविकॉलच बरा, आमचेही किती तरी लोक अस्तरात तोच घालतात. मग जिथे रंग पूर्ण गेला होता तिथलं लाकूड ॲसिटोनने पुसून, जाडसर कापड बसवून, फेविकॉलच्या पातळ पाण्यात खडू कालवून नवं अस्तर दिलं. उरलेला मूळ रंग होता तसा बसवला. वडिलांना फोटो दाखवला. सागवानावर रंग बघून त्यांचा चेहरा बदलला, मग चष्मा लावून त्यांनी ड्रॅगनच्या खवल्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ब्रश कुठल्या केसाचा असतो.

लडाख, सिक्कीम, धरमशाला फिरून येणारे मराठी लोक आता अशा पेट्या आणि चोक्त्से घरी आणतात आणि मग मला विचारतात, पॉलिश कुठलं करू. कुठलंच नाही. जवसाचं तेल नाही, टचवुड नाही, ओलं फडकं तर नाहीच. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा, पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. रंग सुटायला लागला तर सुटलेला तुकडा फेकू नका, पाकिटात ठेवा. आणि घ्यायचीच असेल तर जुनी शोधत बसू नका. रंगवणारी माणसं आज हिमाचलात, कर्नाटकातल्या बैलाकुप्पे आणि मुंडगोडच्या वसाहतींत काम करत आहेत. त्यांच्याकडून नवी करून घ्या, अस्तर वाळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा, आणि किमतीवर घासाघीस करताना लाकडाचा भाव मधे आणू नका.